पृथ्वीचा ठोका 40 हर्ट्झवर गेलेला नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रंगीत आलेख फिरतोय. सोबतचा मजकूर असा: पृथ्वीचा ठोका 7.83 हर्ट्झ (सेकंदाला 7.83 वेळा) होता, उपग्रहाने तो आता 40 टिपलाय, म्हणून झोप उडते. ऑडिओ हेडफोन लावून ऐका, ॲपवर स्वतः मोजा.

आलेख उपग्रहाचा नाहीच, रशियातल्या तोम्स्कमध्ये जमिनीवर ठेवलेल्या यंत्राचा आहे. त्यात उभ्या अक्षावर वारंवारता असते आणि तो अक्षच 40 ला संपतो. पांढरा रंग सिग्नलचा जोर दाखवतो. जवळ वीज कडाडली किंवा यंत्रात गडबड झाली, तरी खालपासून वरपर्यंत पांढरा पट्टा उमटतो; त्याचं वरचं टोक म्हणजे ठोका नव्हे.

40 होणं शक्यच नाही. जगभर चमकणाऱ्या विजांच्या रेडिओलहरी जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत पृथ्वीला फेऱ्या घालतात. ठरावीक वारंवारतांना त्यांचा जोर वाढतो, त्याला शूमान अनुनाद म्हणतात; मेसेजमधला ‘ठोका’ म्हणजे त्यातला पहिला, सर्वात कमी वारंवारतेचा. सेकंदाला 3 लाख किलोमीटर वेग, 40 हजार किलोमीटर घेर: सेकंदाला साडेसात फेऱ्या. गोलाचं नेमकं गणित 10.6 देतं, आयनोस्फिअर ऊर्जा शोषतं म्हणून प्रत्यक्षात 7.8 च्या आसपास. त्यात चढउतार होतो, पण काही दशांशांचा. पहिला अनुनाद 40 वर जायला पृथ्वीचा घेर आठ हजार किलोमीटरच्या आत यावा लागेल.

उपग्रहाने हे अनुनाद टिपले, हे मात्र खरं. 2008 साली सोडलेल्या अमेरिकेच्या सी-नोफ्स उपग्रहाने 400 ते 850 किलोमीटर उंचीवर, मुख्यतः रात्री, ते ओळखले. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आले. नवल जोराचं नव्हतंच, तो जमिनीवरच्या जोराच्या सुमारे हजारावा भाग होता. खालच्या पोकळीत कोंडलेल्या समजल्या जाणाऱ्या लहरी वर झिरपतात, हे नवीन होतं. या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी 13 अंश कललेली आणि ठाणे 19 अंश उत्तरेला, त्यामुळे तो आपल्या डोक्यावरून कधी गेलाच नाही. 2015 मध्ये तो वातावरणात शिरून नष्टही झाला. मग ‘आता’ टिपलं कुणी?

ऑडिओचं म्हणाल तर 20 हर्ट्झखालचं कानाला ऐकू येत नाही. शिवाय या रेडिओलहरी आहेत, आवाज नव्हे. फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ (कोणत्या वारंवारतेला किती जोर, याचा आलेख) लावा, साइझ 65536 ठेवा. 50, 100, 150 वर सुळके दिसले तर ती विजेच्या तारांची घुरघुर. 7.83 वर सुईसारखा बारीक सुळका दिसला तर तो संगणकावर बनवलेला, कारण खरा अनुनाद सुमारे 2 हर्ट्झ रुंद पसरतो.

ॲपने मोजणं तर अशक्यच. हा सिग्नल साधारण 1 पिकोटेस्लाचा (चुंबकीय क्षेत्राचं अतिसूक्ष्म एकक), पृथ्वीच्या स्थिर चुंबकीय क्षेत्राच्या चार कोटींवा भाग. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर त्याच्या लाखपट मोठा बदलही जेमतेम ओळखतो. याहून कितीतरी मोठे चुंबकीय बदल मोजणारी कुलाब्याची वेधशाळासुद्धा विजेच्या ट्राम येऊन नोंदी बिघडतील म्हणून 1904 मध्ये अलिबागला न्यावी लागली. ती आज नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते.