सिनेमा म्हणजे भेट नव्हे

सणाच्या दिवसांत चार घरं एकत्र जमली की कुणीतरी म्हणतंच, "चला, सगळे सिनेमाला जाऊ." मग अडीच तास अंधारात शेजारी शेजारी बसायचं, बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये "छान होता हं" म्हणायचं आणि आपापल्या गाडीत बसून घरी जायचं. ही भेट झाली का? माझ्या मते भेट सिनेमा सुटल्यावर होते, सिनेमा फक्त तिला विषय पुरवतो. म्हणून आखणी उलटीकडून करावी. नंतरचा तासभर कुठे बसायचं ते आधी ठरवा, त्यावरून शोची वेळ, आणि सिनेमा सगळ्यात शेवटी.

वेळेचा हिशोब बघा. सिनेमा १५० मिनिटांचा, जाहिराती आणि ट्रेलर १५ मिनिटं, मध्यंतर असेल तर आणखी १५. संध्याकाळी सहाचा शो सुटायला नऊ वाजतात. तोवर पोरं पेंगुळलेली, मोठ्यांना घरचे वेध लागलेले, मग कसल्या गप्पा! तेच अकराचा शो धरला तर दोनला सगळे मोकळे, भूक लागलेली आणि आख्खी दुपार हातात. सणाचं भरपेट जेवून दुपारच्या शोला जाणं ही तर सर्वांत महागडी झोप. अंधार, गारवा आणि मागे रेलणारी खुर्ची यांच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही.

सिनेमा निवडताना ग्रुपवर मतदान घेऊ नका. बारा जणांच्या मतदानातून जो सिनेमा निवडला जातो तो बहुतेकदा कुणालाच फारसा नको असतो. "काय बघायचं?" हे न विचारता "काय अजिबात नको?" हे विचारा. कुणाला मारधाड नको, कुणाला रडारड. उरलेल्यातून एकानेच निवडायचं आणि विषय बंद करायचा. मुलं बरोबर असतील तर प्रमाणपत्र आधी बघा. प्रौढांसाठीच्या सिनेमाला आईवडील सोबत असले तरी मुलांना दारावरून परत पाठवतात, आणि मग कोण बाहेर थांबणार यावरून दिवस नासतो.

आता खुर्च्या, कारण खरा घोळ इथेच होतो. दहा जण म्हटलं की लोक एका रांगेतल्या सलग दहा खुर्च्या घेतात. एक खुर्ची साधारण ५५ ते ६० सेंटिमीटरची, म्हणजे रांग झाली साडेपाच-सहा मीटरची. टोकाचे दोघं तिरक्या कोनातून बघतात आणि एकमेकांना दिसतही नाहीत. त्यापेक्षा मागेपुढे पाच-पाच घ्या, शक्यतो त्याच क्रमांकांच्या. मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर टिचकी मारली की झालं.

किती मागे बसायचं? पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर बसलं की पडदा नजरेचा सुमारे ३७ अंशांचा भाग व्यापतो, मान न हलवता सगळं दिसतं. रुंदीइतक्याच अंतरावर तो कोन ५३ अंशांवर जातो आणि मान दुखायला लागते. आवाजाची जुळवणीही साधारणपणे पडद्यापासून प्रेक्षागृहाच्या लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर माइक ठेवून करतात. त्यामुळे शेवटची रांग म्हणजे उत्तम जागा हा समज सोडून द्या. बुकिंग करताना नकाशावर पडदा कुठल्या बाजूला दाखवलाय ते मात्र नक्की बघा. काही ठिकाणी 'ए' रांग पडद्यालगत असते, काही ठिकाणी सगळ्यात मागे. हौसेने 'ए' घेऊन पडद्याखाली जाऊन बसलेली कुटुंबं दर सणाला दिसतात.

तिकिटं दोन बुकिंगमध्ये काढा आणि दोन वेगळ्या घरांच्या मोबाइलवर ठेवा. एकाच बुकिंगचा क्यूआर बऱ्याच ठिकाणी दारावर एकदाच स्कॅन होतो. पाच जण आत गेले की उशिरा आलेले पाच बाहेर ताटकळतात, आणि आतल्याने फोन सायलेंटवर ठेवलेला असतो. पैसे आधीच गोळा करा. नंतर मागणं अवघड होतं, विशेषतः सिनेमा पडेल निघाला तर.

आजी-आजोबांना दिवे चालू असतानाच आत न्या. उताराच्या प्रेक्षागृहात पायऱ्यांची उंची आणि रुंदी सारखी नसते, अंधारात पाय नेमका तिथेच चुकतो. त्यांना कडेची खुर्ची द्या, मुलांनाही. व्हीलचेअर असेल तर तिची जागा कुठल्या रांगेत आहे ते बुकिंगआधी फोन करून विचारा. फार लहान मुलांना थ्रीडीला नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. टूडीत पांढऱ्या पडद्याचा ठरलेला उजेड ४८ निट्स (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक), थ्रीडीत तो बहुतेक ठिकाणी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. वर नाकावरून घसरणारा मोठ्यांच्या मापाचा चष्मा. आवाजाचंही तसंच. प्रमाणित पातळीवर पडद्यामागच्या एकेका स्पीकरचा कडाका १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. कानात कापूस घालून फारसा फरक पडत नाही, मुलांचे कानावर बसणारे मफ लागतात.

याच ४८ निट्सच्या हिशोबाने मोबाइलकडेही बघा. पूर्ण उजेडातला फोन ४०० निट्स सहज ओलांडतो, म्हणजे समोरच्या पडद्याच्या आठपटींहून जास्त. "मी फक्त मेसेज बघत होतो" म्हणणाऱ्याने मागच्या तीन रांगांना टॉर्चच दाखवलेला असतो.

सुटल्यावर लॉबीत घोळका करून थांबू नका. पुढच्या शोची गर्दी अंगावर येते आणि गट तिथेच पांगतो. ठरलेल्या जागी जा. बसल्यावर "कसा वाटला?" विचारलंत तर "बरा होता" एवढंच मिळेल. एखादी नेमकी गोष्ट काढा, म्हणजे त्या भावाने शेवटी घर विकायला नको होतं की बरोबर केलं, असं काहीतरी. नाहीतर जो झोपला होता त्याला गोष्ट सांगायला लागा. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी "असं नव्हतं हो ते" म्हणून मध्ये पडतंच.