भोकाचे पैसे

"बिनभोकाच्या घ्या ना! भोकांचे पैसे कशाला देताय?"

हा सल्ला मला पुण्याच्या बोहरी आळीत, भर गर्दीत मिळाला. देणारे दुकानदार नव्हते. नळाचा वॉशर घ्यायला आलेले एक काका होते.

मी ऑर्बिटल सँडरच्या, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनच्या, काचपेपरच्या चकत्या मागत होतो. पाच इंची, म्हणजे 125 मिलिमीटर, पाठीला वेल्क्रो, आठ भोकं, 120 नंबर (नंबर जितका मोठा, दाणा तितका बारीक). काउंटरवरच्या मुलाने आधी ग्राइंडरची चार इंची फ्लॅप डिस्क काढली. ती लावली असती तर माझ्या सागवानी टेबलाची परात झाली असती. मग त्याने बिनभोकाची चकती आणली आणि काकांनी सूत्रं हातात घेतली.

"काका, भोकांतून धूळ ओढली जाते."

"कोण ओढतं?"

"मशीन."

"मशीन घासायला घेतलंत की ओढायला?"

"दोन्हीला."

"म्हणजे कागद कमी आणि कामं दोन!" मग मुलाकडे वळून, "काय रे, भोकांतला कापलेला कागद जातो कुठे?"

"कंपनीतूनच तसं येतं, काका."

"बघा! कंपनी ठेवून घेते."

मागच्या दोन गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. मी एकटा पडलो.

घरी येऊन हिशेब केलाच. भोक एक सेंटिमीटरचं धरलं तर आठ भोकांत सव्वासहा चौरस सेंटिमीटर कागद जातो. पुऱ्या चकतीच्या पाच टक्के. आणि ही पाच टक्के वाचवली की धूळ चकतीखालीच फिरत राहते, चकती तापते, दाण्यांच्या फटी बुजतात आणि आपण लाकूड घासत नसून भुकटी चोळत असतो. सागवान तर मुळात तेलकट, लवकर चिकटतं. वर जुनं मेलामाईनचं पॉलिश असेल तर विचारूच नका. तिथे स्टिअरेटचा पांढुरका लेप असलेली चकती घ्यावी, तिला भुकटी कमी चिकटते. बुजलेल्या चकतीवर, मशीन चालू ठेवून, क्रेप रबराचा तुकडा धरला की ती बरीच मोकळी होते. जुन्या चपलेचा क्रेपचा तळवा चालतो. (हे काकांना सांगायला हवं होतं. खूश झाले असते.)

भोकं नुसती असून भागत नाही, मशीनच्या तळाला चकती चिकटते त्या पॅडच्या भोकांवर बसायलाही लागतात. पाच भोकांची चकती आठ भोकांच्या पॅडवर म्हणजे दुसऱ्याच्या मापाची कवळी.

"आम्ही जन्मभर हातानेच काचपेपर मारला," हे काकांचं पुढचं वाक्य. त्या कागदावर आता काच नसते, बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड असतं, पण नाव काही सुटत नाही. राग याचा, की काकांचं अर्धं बरोबर होतं. गोल चकती कोपऱ्यात शिरत नाही, आणि शेवटचा हात ठोकळ्याला कागद गुंडाळून लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारावाच लागतो. नाहीतर पॉलिश चढल्यावर गोल ओरखड्यांच्या बारीक शेवया उगवतात. मशीन दाबल्याने, घाई केल्याने किंवा 80 नंबरचा एखादा दाणा 180 खाली अडकल्याने त्या पडतात. म्हणून नंबर बदलताना धूळ पुसायची. 80, 120, 180, 240 हा जिना एकेक पायरीनेच चढायचा. लाकडावर पेन्सिलीने रेघोट्या मारायच्या, त्या सगळ्या गेल्या की पुढचा नंबर. हात सेकंदाला इंचभर सरकवायचा, भार मशीनचा स्वतःचा पुरतो. पॅडच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. ती फिरताना दिसायला हवी. दाब वाढला की पॅड फिरायचं थांबतं, नुसतं थरथरतं, आणि वेल्क्रोचे आकडे वितळतात ते वेगळंच.

स्टेन लावायचा असेल तर 240 च्या पुढे जाऊ नका, लाकूड गुळगुळीत होऊन रंग पीत नाही. आणि व्हिनियरच्या प्लायला 80 दाखवूसुद्धा नका. वरचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, खालचा प्लाय लगेच तोंड दाखवतो.

हे सगळं माहीत असून उपयोग काय? पाकिटावर "फाईन" एवढंच छापलेलं. किती फाईन, कोणाच्या मते? नंबर असलाच तर त्याआधी "पी" आहे की नाही ते भिंगाने शोधायचं. "पी" म्हणजे युरोपियन मोजणी, अमेरिकन नंबराला तो नसतो. बारीक नंबरांत फरक पडतो. अमेरिकन 320 जवळजवळ पी 400 एवढा बारीक असतो. भोकं किती, ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही आणि फोडलेलं पाकीट परत घेत नाहीत. वर सुटी चकती मागितली की "पन्नासच घ्याव्या लागतील". एका टेबलाला पन्नास! शेवटी मी सहा भोकांच्या दहा घेऊन आलो. आठवाल्या "मंगळवारी येतील".

काकांनी वॉशर उजेडात धरून नीट पारखला आणि घासाघीस न करता पैसे दिले. मधोमध चांगलं ठसठशीत भोक होतं.