जरा बाजूला व्हा, डोंगर दिसू द्या

गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेल्या माणसाला सह्याद्रीत नाव उरत नाही. तो ‘ओ दादा, एक काढा ना’ होतो. मला खरं तर डोंगर काढायचे असतात. डोंगर, ढग, दरी आणि त्यावर पडलेलं ऊन, बस्स. माणूस नको. हे मी कसाऱ्याला लोकलमधून उतरतानाच सगळ्यांना बजावून ठेवतो. सगळे ‘हो हो, तू तुझं काढ, आमचं काही नाही’ म्हणतात आणि घोटीला जीप चहासाठी थांबली की आरशात बघून केस विंचरायला लागतात.

बरं, एकाचा काढून सुटका होत नाही. एकाचा काढला की दुसऱ्याचा, मग दोघांचा, मग सगळ्यांचा, मग सगळ्यांनी हवेत उडी मारल्याचा. उडीच्या फोटोत एक जण कायम खाली येऊन पोचलेला असतो आणि एक जण अजून उडायचा असतो, म्हणून तो परत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या मी पहाटे टॉर्चच्या उजेडात धापा टाकत चढलेलो असतो ते सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी. ते ऊन जेमतेम अर्धा तास टिकतं. १६४६ मीटर उंचीवर, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागी, एका अंगाला भंडारदऱ्याचं पाणी चमकत असतं, दुसऱ्या अंगाला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे असतात आणि मी म्हणत असतो, ‘एक, दोन, तीन, उडा!’ उड्या संपेपर्यंत ऊन पांढरंफटक झालेलं असतं.

त्यातही आमच्यातला बँकवाला वेगळाच. त्याला ‘नॅचरल’ फोटो लागतो. म्हणजे तो कड्याच्या टोकाला पाठमोरा बसणार, लांब कुठेतरी बघणार आणि फोटो काढतोय हे त्याला माहीतच नाही असा तो आला पाहिजे. पाठमोरा बसूनच तो मला सूचना देतो. ‘थोडा डावीकडून घे. पोट दिसतंय का? आणि मागे तो डोंगर येऊ दे.’ मागे डोंगर असतोच. डोंगराच्या पुढे तो असतो, ही अडचण आहे.

पावसाळ्याबद्दल मात्र माणसांना दोष देता येत नाही, कारण पावसाळ्यात माणसंही दिसत नाहीत. जुलैमध्ये हिरवेगार डोंगर बघायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की हिरवं असतं ते बुटांपर्यंत. त्याच्या पलीकडे सगळं पांढरं. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर चढलो, देवळापाशी नखशिखान्त भिजलो, केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाण्यातल्या त्या पिंडीला हात जोडले (भोवतीच्या चार खांबांतला एकच धड उभा आहे, त्याला जास्तच मनापासून जोडले) आणि कोकणकड्यावर गेलो. तिथलं रेलिंग धरून उभे राहिलो. समोर दरी आहे, असं कळलं. वाटाड्या म्हणून आलेले गावातले मामा मोठ्या उत्साहाने दाखवत होते. ‘हे इकडं खाली सगळं कोकण. तो तिकडं माळशेज. आन् त्याच्या मागं नाणेघाट.’ ते बोट करतील तिकडे आम्ही माना वळवत होतो आणि ‘वा!’ म्हणत होतो. मामांना सगळं दिसत होतं. मी ट्रायपॉड लावला, एका हाताने छत्री कॅमेऱ्यावर धरली, ती वाऱ्याने उलटी झाली, ती सरळ करून फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले तर प्रत्येक फोटोत वेगवेगळ्या छटेचा पांढरा होता. एकात छत्रीची काडी आलीय. तो त्यातल्या त्यात बरा आहे.

या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं. सूर्य बरोबर पाठीशी हवा आणि समोरच्या दरीत धुकं हवं. मग धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे हा सकाळचा खेळ. १८३५ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते इथे दिसलं होतं, असं गडाच्या प्रत्येक माहितीत असतं. छायाचित्रणाचा शोध जगापुढे जाहीर झाला १८३९ साली. म्हणजे साहेबाकडे कॅमेरा नव्हता. म्हणूनच दिसलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझ्या वेळी सूर्य असतो तेव्हा धुकं नसतं, धुकं असतं तेव्हा सूर्य नसतो आणि दोन्ही असतात तेव्हा मी उड्या मोजत असतो.

पावसाचा खरा हिशेब घरी आल्यावर सुरू होतो. ओल लेन्सच्या आत शिरली की तिथे बुरशीचे बारीक पांढरे धागे धरतात, आणि त्यांनी एकदा काचेवरचा मुलामा खाल्ला की लेन्स कायमची धुक्यात. कोरड्या तांदळात ठेव, असं कोणीतरी सांगितलं. ठेवली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आईची हाक. ‘अरे, भाताला तांदूळ काढायला गेले तर हाताला हे काय लागलं?’

‘लेन्स आहे ती.’

‘आणि कोलम सोडून काही मिळालं नाही तुला? रेशनचे होते ना खालच्या डब्यात.’

शिवाय तांदळाची पिठी लेन्सच्या कड्यांमध्ये बसली आणि फोकस फिरवताना करकर आवाज यायला लागला. मग बुटांच्या दुकानांतून सिलिका जेलच्या पुड्या मागून आणण्याचा एक काळ झाला. बूट न घेता पुड्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार कसे बघतात ते मी सांगत नाही. शेवटी विजेवर चालणारं काचेचं कपाट घेतलं. आतली आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांवर स्थिर. दारावर आकडा हिरवा चमकतो. कपाट इतकं उत्तम चालतं की आता त्यात वरच्या कप्प्यात उडदाचे पापड, मधल्या कप्प्यात साबुदाण्याच्या चकल्या आणि खालच्या कप्प्यात, जागा उरली तर, लेन्सा. श्रावणातसुद्धा पापड कसे कडक राहतात, हे आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. कॅमेऱ्यावर केलेल्या एवढ्या खर्चाचं घरात पहिल्यांदाच कौतुक झालं.

सप्टेंबरात पाऊस ओसरतो, सोनकीने उतारच्या उतार पिवळे होतात, तेरडा गुलाबी होतो आणि सगळा महाराष्ट्र कासला जातो. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यामुळे तिकडे आता बुकिंग करून, वेळ ठरवून फुलं बघतात. फुलं नाजूक आहेत, फुलांत शिरू नका, बसू नका, तोडू नका, असं सांगायला पहारेकरी असतात आणि ते बिचारे सांगतातही. त्यांची पाठ फिरली की पिवळ्या सोनकीवर शोभेल अशी जांभळी साडी ठरवून नेसून आलेल्या बाई त्यात बसतात. बसलेल्या असतानाच मला म्हणतात, ‘दादा, तुमच्या कॅमेऱ्यात चांगला येईल.’

कारवीचं प्रकरण याहून बिकट. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, जांभळी होते, बी धरते आणि मरून जाते. बरं, सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी फुलेल तर कारवी कसली! इकडची यंदा, तिकडची पुढच्या खेपेला. ‘फुललीय’ असा निरोप येतो बुधवारी. शनिवारची रजा टाकून, गाडी ठरवून, पोचून बघावं तर झुडपांवर नुसती बोंडं आणि मधमाश्यांची आवराआवर. भेटलेला गुराखी हमखास सांगतो, ‘मागल्या आठवड्यात यायला हवं होतं तुमी. इथून तिथवर निळं होतं.’ सह्याद्रीतलं सगळं चांगलं मागच्या आठवड्यात होऊन गेलेलं असतं.

उन्हाळ्याचं आटोपशीर सांगतो. फाल्गुनात काटेसावर, पांगारा, पळस फुलतात तेवढे चार दिवस झकास. पुढे हवेत धूळ, त्यात वणव्यांचा धूर, पहिला डोंगर दिसतो आणि त्यामागचे सगळे असावेत असं वाटतं. मेअखेर भंडारदऱ्याला झाडं काजव्यांनी लखलखतात. ती लखलख टिपायला मिट्ट काळोख लागतो, म्हणून लोक तो बघायला गाड्यांचे हेडलाइट लावून येतात.

राहिला हिवाळा. माझा आवडता ऋतू हाच, कारण हवा स्वच्छ, रात्री लख्ख आणि गवत सोनेरी. तंबूच्या गावात झोप येत नाही ही एक चांगली गोष्ट धरली तर ताऱ्यांचे फोटो काढायला रात्र मोकळीच असते. तंबूतून कोणाचा तरी स्पीकर चालू असतो, कुठे शेकोटीभोवती अंताक्षरी ‘म’वर अडलेली असते. मी पार लांब, काळोखात जाऊन ट्रायपॉड लावतो. मृग नक्षत्र कड्याच्या डोक्यावर आलेलं. दव धरू नये म्हणून लेन्सला लोकरीचा मोजा गुंडाळलेला. (तो बँकवाल्याचा. तो झोपल्यावर घेतला.) शटर उघडलं की पंचवीस सेकंद श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. एक, दोन, तीन, बरोबर अठराव्या सेकंदाला समोरून दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि कपाळावरचा टॉर्च थेट लेन्सच्या तोंडावर.

‘दादा, काय काढताय?’

‘तारे.’

‘अंधारात कसे येतील? फ्लॅश टाका ना.’

मी गप्प. तो जवळ आला, कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावला. तिथे त्याचाच चेहरा उमटला होता, मृगाच्या तीन ताऱ्यांच्या बरोबर खाली, कपाळावर चौथा तारा. तो हरखूनच गेला. ‘आयला, भारी आलाय! नंबर देतो, पाठवाल?’ पाठवला. त्याने तो लगेच प्रोफाइलला लावला. अजून आहे.

तर असं बारा महिने भटकून माझ्याकडे निसर्गाचे म्हणावेत असे फोटो फार थोडे आणि माणसांचे मात्र हार्ड डिस्क भरून. सोसायटीच्या कॅलेंडरसाठी सह्याद्रीचा फोटो हवा होता तेव्हा मी मोठ्या उमेदीने दिले. कमिटीने माझ्या मेव्हण्याने मोबाइलवर, चालत्या गाडीच्या काचेतून काढलेला निवडला. त्यात डोंगर स्पष्ट दिसतो, असं सेक्रेटरी म्हणाले. माझ्याने वाद घालवेना, कारण दिसतो.

छापून आलेला माझा एकच फोटो आहे, तो बँकवाल्याच्या लग्नाच्या बायोडेटात. कोकणकड्यावरचा, जुलैतला. पोट दिसत नाही, केस विंचरलेले आहेत, मागे सगळं स्वच्छ पांढरं. स्थळ जमलं. साखरपुड्याला मुलीचे मामा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘जावयाचा फोटो तुम्हीच काढलाय म्हणे. स्टुडिओ कुठे तुमचा? आमच्या धाकट्याचेही काढायचेत. मागचा पडदा फार छान आहे हो, एक सुरकुती नाही.’

मी म्हटलं, ‘पाचनई. तालुका अकोले.’

‘लांबच पडतं जरा,’ ते म्हणाले. ‘पार्किंग आहे का पण?’