प्लग काढला म्हणून जुन्या मॅकमध्ये हात घालू नका

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. जुन्या मॅकचा पडदा धूसर झालाय? दुकानात नेऊ नका, घरीच दुरुस्त करा. खाली पाच उपाय: रिझोल्यूशन वाढवा, पडद्यावरून लोहचुंबक फिरवा, ब्राइटनेस उतरवा, प्लग काढून मागचं झाकण उघडा आणि आत दिसतील ते सगळे स्क्रू थोडे थोडे फिरवून बघा, तरीही फरक पडला नाही तर पडद्याची काचेची पिक्चर ट्यूब संपली, भंगारात द्या. माझ्या भाच्याने हाच मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, झाकण उघडलंय. आता कुठला स्क्रू?" त्याच्याकडे ॲपलचा मॅकिंटॉश प्लस कॉम्प्युटर आहे, १९८६ साली बाजारात आलेलं मॉडेल, नऊ इंची ट्यूबचं. मी आधी फोन करून त्याला मशीनपासून लांब व्हायला लावलं.

चौथा उपाय जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो. प्लग काढला की धोका संपला, हे साफ खोटं आहे. पिक्चर ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून वीजवाहक लेप असतो आणि मधे काच. म्हणजे ती ट्यूब स्वतःच एक मोठा कपॅसिटर, वीज साठवून ठेवणारा भाग आहे. मशीन चालू असताना तिच्यावर दहा हजारांहून जास्त व्होल्ट चढतात, आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज तिथेच बसून राहू शकतो. ट्यूबच्या अंगाला चिकटलेली रबरी टोपी आणि तिच्यात शिरणारी जाड वायर दिसते ना, तीच ती जागा. तिथे झटका बसला की हात आपोआप मागे फेकला जातो. तो आदळतो ट्यूबच्या मानेवर, आणि ही मान काचेची आणि बारीक असते. मान तुटली की आतली निर्वात पोकळी गेली आणि ट्यूबही गेली.

हे मी मनाचं सांगत नाही. ॲपलने आपल्याच तंत्रज्ञांसाठी काढलेलं सर्व्हिस मॅन्युअल काय सांगतं बघा: घड्याळ-अंगठ्या काढा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा, एकट्याने काम करू नका, एक हात पाठीमागे ठेवा. इतर कामांत मनगटाला जो अर्थिंगचा पट्टा बांधतात, तो इथे मुद्दाम काढून ठेवायचा, कारण तो विजेला तुमच्या शरीरातून जमिनीत जायला वाट करून देतो. त्यानंतर ट्यूब डिस्चार्ज करायची, म्हणजे तिच्यात साठलेला चार्ज काढून टाकायचा. शिकलेल्या माणसांना जर एवढं बजावावं लागतं, तर "प्लग काढा आणि फिरवा" हे वाक्य कुठल्या हिमतीवर लिहिलं?

आणि थोडा तरी विचार करा. मशीन बंद असताना फोकस जमला की नाही हे दिसणार कसं? फोकस लावायचा तो मशीन चालू ठेवूनच. म्हणजे हा मेसेज पाळणारा माणूस दोन मिनिटांत प्लग परत लावणार, झाकण उघडं, हातात लोखंडी स्क्रूड्रायव्हर. प्लसमध्ये तर पॉवर सप्लायही ट्यूब चालवणाऱ्या ॲनालॉग बोर्डवरच आहे, म्हणजे ट्यूबच्या जोडीला मेन्सचा करंटही तिथेच.

"सगळे स्क्रू" म्हणजे काय, तेही यांना ठाऊक नाही. ते प्रीसेट आहेत, म्हणजे फिरवून जुळवायची छोटी बटणं, आणि प्रत्येकाचं काम वेगळं: फोकस, उंची, कट-ऑफ (काळा भाग किती काळा दिसावा ते), व्होल्टेज. धूसरपणासाठी आधी हात लावायचा तो फक्त फोकसला. व्होल्टेजचा प्रीसेट लॉजिक बोर्डकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डकडे, जाणारी ५ व्होल्टची लाइन ठरवतो. मल्टिमीटर न लावता तो वर चढवलात तर चिप्स जळतील. रुंदीसाठी प्रीसेट नसून तारेची कॉइल आहे, आत फेराइट या चुंबकीय पदार्थाचा गाभा. त्यात लोखंड घातलं की कॉइलचं चुंबकीय क्षेत्रच बदलतं. पडद्यावर रुंदी बरोबर दिसते, आणि हत्यार बाहेर काढलं की पुन्हा बिघडते. शिवाय तो गाभा ठिसूळ, जोर लावला की आतच तडकतो. म्हणून टीव्हीवाले प्लॅस्टिकचं अलाइनमेंट टूल वापरतात.

रीतसर काम असं होतं. प्रीसेटची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवतात. मशीन चांगलं तापू देतात, पडदाभर मजकूर आणतात, समोर आरसा ठेवतात आणि फोकस केसभर फिरवत आरशात बघतात. नजर अगदी मध्यावरही नाही आणि कोपऱ्यातही नाही, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यावर. कोपरे थोडे मऊ राहतातच. ट्यूबवर हात बसलेल्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला हे काम अवघड नाही, त्याच्याकडेच न्या.

रिझोल्यूशनचा उपाय कुठल्या तरी एलसीडीच्या लेखातून उचललाय. प्लसचा पडदा कायमचा ५१२ × ३४२ बिंदूंचा आहे, वाढवायचं सेटिंगच नाही. चुंबकाचंही तेच. कृष्णधवल ट्यूबमध्ये शॅडो मास्क, म्हणजे रंगीत ट्यूबच्या पडद्यामागची धातूची भोकांची जाळी नसते, त्यामुळे डीगॉस करण्यासारखं, म्हणजे चुंबकत्व घालवण्यासारखं काही नाही. हाच प्रयोग १९९८ च्या रंगीत आयमॅकवर केलात तर पडद्यावर रंगांचे डाग मात्र पडतील.

ब्राइटनेसचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. पडद्यावर आदळणारा इलेक्ट्रॉनचा बीम जास्त झाला की ठिपका फुगतो आणि अक्षरं पसरतात. प्लसला पुढच्या बाजूला, पडद्याच्या खाली डावीकडे ब्राइटनेसची चकती आहे. ती उतरवून अक्षरं रेखीव झाली तर झाकण उघडायची गरजच नाही. तरी धूसर राहिली तर दोष आत आहे.

पण आत दोष म्हणजे ट्यूब संपली, असं नव्हे. वाळलेले कपॅसिटर, सोल्डरिंगला गेलेले बारीक तडे, घाण बसलेला प्रीसेट, हे सगळं आधी तपासायचं. उजेड मंद, आणि जरा वाढवला की लगेच पसारा, असं असेल तरच ट्यूबवर संशय घ्या. आणि खरोखर गेली असेल तरी हातगाडीवाल्या भंगाराला देऊ नका. तो ती दगडाने फोडणार. आत निर्वात पोकळी आहे, काचेचे तुकडे चहूकडे उडतात, आणि त्या काचेत शिसं असतं. अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.