बॅटरीचे अ‍ॅसिड उडाल्यास सोडा नव्हे, पाणी : एक खुलासा

‘बॅटरीचे अ‍ॅसिड अंगावर उडाले तर लगेच खायचा सोडा चोळावा, जखम होत नाही’ असा मजकूर सध्या सांगली-कुपवाड भागातील व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे, आणि डोळ्यांच्या बाबतीत तर घातक आहे.

ट्रॅक्टर व इन्व्हर्टरच्या साध्या बॅटरीत सुमारे ३५ टक्के तीव्रतेचे गंधकाम्ल असते. सोडा चोळल्याने भाजलेली कातडी आणखी सोलवटते. त्यामुळे भिजलेले कपडे काढून तो भाग किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. डोळ्यात थेंब गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या ठेवून तितकाच वेळ धुवावे व तडक दवाखाना गाठावा. सोडा शोधण्यात गेलेले एक मिनिटही दृष्टीवर बेतू शकते, म्हणून हे कळकळीने लिहावे लागत आहे.

सोडा उपयोगी पडतो तो फरशीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी. सुती शर्टावरचा बारीक थेंबही सोडू नये, कारण त्यातले पाणी उडून जाते, अ‍ॅसिड मागे राहून तीव्र होत जाते आणि कपडा पिळताना तिथे भोक पडते.