‘आधी पेशंट बघा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मतदार आणि गर्दी यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘डॉक्टरसाहेब, शेतकऱ्याच्या पोराने गावच्या मतदाराला कळप म्हणू नये. आधी पेशंट बघा.’ शिवाय जातीचा मुद्दा टाळला, लेख फार लांबला आणि गर्दीच्या मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या फ्रेंच लेखक ल बाँच्या पुस्तकाचं साल चुकलं, अशाही तक्रारी आहेत.

साल चुकलं, मान्य. मूळ फ्रेंच पुस्तक १८९५चं, मी दिलेलं १८९६ हे इंग्रजी भाषांतराचं. दुरुस्त केलं आहे, आभार.

पण ‘आधी पेशंट बघा’ ही बोलायची रीत झाली का? तासगावकडच्या द्राक्षबागेत वाढलो, वीस वर्षं सांगलीत पेशंटच बघतोय. गुस्ताव्ह ल बाँ वैद्यकीच शिकले होते. माणसाच्या कळपवृत्तीवर १९१६ साली पुस्तक काढणारे विल्फ्रेड ट्रॉटर लंडनचे सर्जन. ‘कळप’ हा शब्द या मंडळींचा. मी तो सांगितला आणि पुढच्याच परिच्छेदात खोडला. तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत, आणि शेतकऱ्याचं पोर म्हणून मलाच सुनावताय.

तर शेतीचंच घ्या. बागेत डावणी, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, आली की वेलीला कुणी दोष देत नाही. पान किती तास ओलं राहिलं, बगलफुटी (पानांच्या बगलेतले जादा फुटवे) वेळेवर काढल्या का, फवारायचं बोर्डो मिश्रण नीट झालं का, हे बघतात. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर पानं करपतात, आणि तो दोष वेलीचा नसतो. दवाखान्यातही तेच. शुगर उतरत नाही म्हणून ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा मारण्याआधी पोटावर हात फिरवून बघावा लागतो. रोज एकाच जागी इन्सुलिन टोचून तिथे गाठ झाली असेल तर औषध नीट लागूच पडत नाही.

मतदाराकडे मी याच नजरेने बघतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशचा १९५१चा प्रयोग त्यासाठीच दिला होता. समोरच्या तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कुठली, इतकाच प्रश्न. १८ फेऱ्या, त्यातल्या १२मध्ये आधीच सांगून ठेवलेली माणसं मुद्दाम चुकीचं बोलायची. त्या फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश उत्तरं बाकीच्यांच्या मागे गेली. पण एकाने जरी खरं सांगितलं, किंवा उत्तर गुपचूप कागदावर लिहायला दिलं, की चुका झपाट्याने कमी व्हायच्या. माणसं तीच, नजर तीच. बदलली ती बसवलेली मांडणी.

आता आपल्याकडे या. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या पेट्या मिसळून मोजता येत. ईव्हीएम आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, वेगळा छापला जातो. ज्या गावात एकच केंद्र आहे तिथलं मत एका माणसापुरतं गुप्त राहतं, गावापुरतं नाही. रस्ता, टँकर, पाणी योजनेचं आवर्तन मागायला ज्यांच्या दारात जायचं, त्यांच्या हातात तो कागद असतो. अशा ठिकाणी ‘सगळ्यांबरोबर राहूया’ म्हणणारा माणूस बिनडोक नाही, तो हिशेब करतोय. केंद्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला होता. माझा सगळा लेख त्या मागणीसाठी होता. यात मतदाराचा अपमान कुठे झाला, ते दाखवा.

जातीचा विषय स्वतंत्र आहे, इथे शिरत नाही. लेख लांब वाटत असेल तर वाचायची सक्ती नाही.

नमुना २० राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. तुमच्या गावच्या केंद्राची ओळ काढा, शेजारच्या दोन गावांच्या ओळींशी ताडून बघा, आणि मग आकड्यांवर लिहा. त्याला मी नक्की उत्तर देईन.