मधल्या सीटचा मानकरी

गेल्या शनिवारपासून माझी कंबर धरली आहे. कारण एक गाडी, जी मी घेतलेलीही नाही.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवरही चालणारी आणि वायर लावून चार्जही करायची गाडी, बघायला गेलो होतो. डेट्रॉइटजवळ नोवायला राहून गाडीबद्दल मत नसणं म्हणजे पुण्यात राहून मिसळीबद्दल मत नसणं. मला नाही, म्हणून मंडळातल्या काकांना बरोबर घेतलं. काका तीस वर्षं मोटारींच्या धंद्यात होते. नक्की काय करत होते, ते विचारायचं नसतं.

बायको, दोन पोरं, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आई आणि मी. माणसं पाच, सीट पाच. हिशेब जुळला, असं सेल्समन म्हणाला.

"तो पट्टे मोजतोय," काका म्हणाले. "आपण माणसं मोजायची."

त्यांनी आमच्या जुन्या गाडीतून पोरांच्या दोन्ही कार सीट उपटून आणायला लावल्या. मूल आठ वर्षांचं किंवा चार फूट नऊ इंचांचं होईपर्यंत मिशिगनमध्ये त्यातून सुटका नाही. दोन खिडक्यांशी दोन सिंहासनं लागली. मधे जे उरलं, ते मी आधी आर्मरेस्ट समजलो होतो. खाली पाय ठेवायच्या जागी उंचवटा.

"वहिनींना बसवून बघू."

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. तिने आत डोकावलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मी इथं उभी राहते. तू बस."

बसलो. म्हणजे शिरलो. एक पाय उंचवट्याच्या अलीकडे, एक पलीकडे, घोड्यावर बसल्यासारखा. फक्त घोड्यावर गुडघे कानाला लागत नाहीत. पट्ट्याचं बक्कल माझ्याच खाली गडप झालं. आणि नेमकं तेव्हाच काकांना 2010 साल आठवलं.

"शेव्हर्लेची पहिली व्होल्ट आली ना, अशीच प्लग-इन, इथेच हॅमट्रॅमकच्या कारखान्यात जुळायची. 41 हजार डॉलर, आणि सीट किती? चार! बॅटरी टी आकाराची, गाडीच्या मधून उभी गेलेली. लोक बोंबलले. मी म्हणतो, सरळ गाडी! पाचव्याला दारातच नाही म्हणायची. ही बघा, या म्हणते आणि असं करते." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सेल्समनने मान डोलावली. त्याला मराठी येत नाही.

"काका, मला बाहेर काढा."

"थांब रे. बॅटरी किती किलोवॅट अवरची, विचारलंस का?"

आईची शंका वेगळीच होती. "पेट्रोलही भरायचं आणि रात्री वायरही लावायची? मग हे दोन बायका, फजिती ऐका झालं की." एवढ्या वेळात बायकोने फोनमधून पहिल्यांदा मान वर केली.

तीच गाडी नुसत्या पेट्रोलवरची सात हजारांनी स्वस्त. पूर्वी सरकार 7,500 डॉलरपर्यंत करसवलत द्यायचं. ती 30 सप्टेंबर 2025 ला बंद झाली. आमच्या ओळखीच्या दोघांनी सप्टेंबरातच गाड्या उचलल्या आणि आता भेटतील तिथे मायलेज सांगतात. आम्ही पोरांची शाळा आणि आईचा व्हिसा यातच राहिलो. शिवाय आमच्या भाड्याच्या घराला गॅरेज नाही. वायर सोडायची ती वरच्या कठड्यावरून, आईच्या साड्यांच्या शेजारून. असो. असो कसलं! एवढे पैसे मोजायचे, वर घरातल्या कुणीतरी गुडघे कानाशी घेऊन जायचं, आणि वाचवायचं काय तर पेट्रोल. सात जणांची प्लग-इन व्हॅनही निघाली होती म्हणे, नदीपलीकडे विंडसरला. पण व्हॅन म्हटलं की बायको विषय बदलते.

शेवटी सेल्समन एका बाजूने आणि काका दुसऱ्या बाजूने, असं मला सोडवलं. धाकटा टाळ्या वाजवत होता.

मंगळवारी काकांचा फोन. गाडी त्यांनीच घेतली. दोघांनाच तर बसायचंय.

"मधे काय झकास जागा आहे रे," म्हणाले. "काकूंची पर्स बरोब्बर बसते."